फाटकापुढे वाजवायचा भोंगा

दिवसभर पोलादाच्या नव्या प्लांटमध्ये केबल ओढायच्या आणि घरी येऊन पुन्हा वायरीच बघायच्या. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी माझी गत होती. भट्ट्या अजून उभ्या राहायच्या होत्या, मी उभारणीच्या कामावर इलेक्ट्रिशियन होतो आणि कामगारांच्या कॅम्प-१मधल्या आमच्या घरामागे एक जुनी मोटार विटांवर उभी होती. एका ठेकेदाराच्या आवारात गंजत पडलेली ती मी आणली होती. इंजिन कसंबसं सुरू झालं. दिवे लागत, पण मिणमिणते. भोंगा तर वाजतच नव्हता.

आणि बाबांना भोंगाच हवा होता. तरुणपणी ते भंडाऱ्याकडच्या आमच्या गावात मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, फाटकावर होते. त्याच्या मोटारीचा भोंगा ऐकला की असतील तिथून धावत जाऊन फाटक उघडायचं. उशीर झाला तर जातीवरून शिवी. आता मालगुजारी गेली होती, आम्ही बुद्धाला शरण गेलो होतो, मी प्लांटात लागलो होतो. बाबांचं मागणं एकच होतं, त्या फाटकापुढे आपल्या मोटारीचा भोंगा एकदा वाजवायचा. छातीचं दुखणं वाढत होतं, म्हणून त्यांना घाई होती.

"झाला काय रे भोंगा?" ते खाटेवरून रोज विचारत.

"करूनच राहिलो न, बाबा."

"मी मेल्यावर वाजवतं काय?"

मला राग येई. बायकोला माझ्याहून जास्त. "पाळी करून आले, अन् लगेच गाडीखाली काहून घुसता? तिच्यासंगच लगन कराले पायजे होतं तुमी."

भोंगा काढून थेट बॅटरीला जोडला, की शेजारच्या कोंबड्या उडत, इतका ओरडे. गाडीत बसवला की नुसतं घुर्र. वायर बदलली, बटण उघडून घासलं, बॅटरी चार्ज करून आणली. घुर्र! एकदा वैतागून मी पाना भिंतीवर फेकला. कुडाला भोक पडलं आणि ते लिंपायचं कामही माझ्याच गळ्यात आलं.

एका दुपारी मी तपासणीचा छोटा दिवा घेऊन बसलो होतो. एक तार बॅटरीला जोडलेली, दुसरी पत्र्याला लावत होतो. दिवा लागेना. थकलेला हात घसरला, तारेनं पत्र्यावर ओरखडा काढला, आणि तिथं दिवा लख्ख पेटला.

उभारणीत आमची एक रीत होती, लोखंड उतरलं की गंजू नये म्हणून आधी त्याला रेड ऑक्साइडचा लाल रंग फासायचा. त्याच सवयीनं मी गाडी सुटी करून पत्रा न् पत्रा, बोल्टांच्या जागासुद्धा, लाल रंगानं माखला होता. मोटारीत परतीची वेगळी वायर नसते. वीज पत्र्यातूनच परतते. तिची वाट मीच रंगवून बंद केली होती. काखेत कळसा अन् गावाला वळसा!

सगळे सांधे खरवडले. भोंगा वाजला. बाबा खाटेवर उठून बसले. मला आनंद व्हायला हवा होता, पण नुसती झोप आली.

सुट्टीच्या दिवशी गावी निघालो. बाबा धुतलेला सदरा घालून पुढं बसले. मालगुजाराचं फाटक जुनंच होतं. माझा हात बाजूला सारून त्यांनी बटण दाबलं आणि दाबूनच धरलं.

आतून पावलं वाजली. बाबांच्याच वयाचा एक माणूस धोतर सावरत धावत आला. हाताला भात लागलेला. मोटारीत कोण आहे, हे त्यानं पाहिलंही नाही. फाटक उघडून मान खाली घालून उभा राहिला. "माफ करा जी, मालक," म्हणाला, "जेवून राहिलो होतो."

बाबांचा हात बटणावरून निघाला. ते कष्टानं खाली उतरले.

"जेवा दादा तुमी," ते म्हणाले. "मी लावतो फाटक."

दोन्ही फळ्या त्यांनी स्वतः ओढून घेतल्या. मग येऊन बसले आणि म्हणाले, "चाल."

गावाबाहेर एक बैलगाडी रस्ता अडवून चालली होती. मी भोंग्याकडे हात नेला. बाबांनी माझं मनगट धरलं. ती वळेपर्यंत आम्ही तिच्यामागून बैलांच्या चालीनं जात राहिलो.