पाळण्याचा चौथा खांब

मला त्या मशीनची भीती लग्न होऊन आले तेव्हापासूनची. माझं माहेर जळकोटकडचं, शेतकऱ्याचं. आमच्याकडं हत्यार म्हणजे विळा, खुरपं, कुऱ्हाड. सगळं माणसाच्या हाताच्या वेगानं चालणारं. मुखेडला सासरी आले, तर मागच्या अंगणात पत्र्याचं शेड आणि शेडात खराद मशीन. दोन टोकांच्या मधी लाकूड अडकवायचं, बटण दाबायचं, की ते असं फिरतं की फिरतंय हेच दिसत नाही. त्याला पटाशी लावली की चौकोनी लाकूड गोल होत जातं. आमचे मालक त्यावर लाटणी, रव्या, पाळण्याचे खांब काढायचे. त्यांच्या डाव्या अंगठ्याचं वरचं पेर नाही. ते भुशात कुठं गेलं ते सापडलंच नाही, असं त्यांनी मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हसत सांगितलं. मी मात्र त्या दिवसापासून त्यांना चहा दिला तो शेडाच्या उंबऱ्याबाहेरूनच.

दोन वर्षांखाली लेकीला दिवस गेले. तिचं सासर चाकूरला. आमच्यात पहिल्या लेकराचा पाळणा माहेरहून जातो. ज्यानं अर्ध्या तालुक्याचे पाळणे केले त्याच्या नातवंडाला विकतचा पाळणा थोडाच जाणार? ह्यांनी जपून ठेवलेलं सागवान काढलं. चार कोपऱ्यांचे चार खांब. तीन झाले. चौथा काढायच्या आदल्या दिवशी सकाळी दात घासता घासता ह्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय लुळा पडला, तोंड एका बाजूला ओढलं.

लातूरच्या दवाखान्यातून घरी आणलं तर म्हणाले, "बाज शेडात टाका. भुशाच्या वासाबिगर झोप लागंना."

बाजेवरून त्यांना रोज तेच दिसायचं. भिंतीला टेकवलेले तीन गोल खांब आणि एक चौकोनी तुकडा. मी म्हणाले, "लातूरला कुणाकडून तरी काढून आणू."

"दुसऱ्याचा हात दुसराच असतो. जन्मभर दिसंल ते." मग त्या चौकोनी तुकड्याकडं बघत म्हणाले, "तू काढ."

"मी? मला त्याचा आवाजबी सहन होत न्हाई."

"पोळी लाटतीस का न्हाई? हात तयार हाय. भेव तेवढं काढायचं."

भेव काढायचं म्हणे. आधी कडुलिंबाच्या तुकड्यांवर शिकायचं ठरलं. पहिल्या दिवशी नुसतं बटण दाबायचं आणि बंद करायचं, एवढंच. मी दाबलं आणि दारापर्यंत पळाले. दुसऱ्या दिवशी पटाशी हातात घेतली. ती लाकडासमोरच्या लोखंडी टेक्यावर दाबून धरायची, पण लाकडात घुसवायची नाही, नुसती टेकवायची. हे बाजेवरून सांगायला सोपं. मी घुसवली. लाकूड सुटलं आणि माझ्या कानाजवळून जाऊन पत्र्यावर आदळलं. मी खाली बसले ती बसलेच.

"लागलं का?" ह्यांनी विचारलं.

"न्हाई."

"मग ऊठ. ते लाकूड तुझ्याहून जास्त भ्यालंय."

शिकताना मशीन मधेच अडखळायची. जरा जोर लागला की मोटारीचा पट्टा घसरून लाकूड थांबायचं. मी म्हणायची, पट्टा आवळून घ्यावा कुणाकडून तरी. हे म्हणायचे, राहू दे. मला वाटायचं, आजारानं माणूस आळशी झाला.

पण सगळ्यात अवघड गोष्ट वेगळीच होती. ह्यांनी सांगितलं, पदर कमरेला घट्ट खोच, केस बांध, आणि हातातल्या बांगड्या काढून ठेव.

पदर खोचला, केस बांधले. बांगड्यांकडं हात जाईना. नवरा बाजेवर पडलेला आणि मी हात मोकळे करू? त्यात आमच्या शेजारीच राहणारी थोरली जाऊ रोज भिंतीवरून डोकवायची. "काय ग, आता मिशा फुटायच्या राह्यल्या तेवढ्या," म्हणायची. तिला माझे मोकळे हात दिसले असते तर तिनं काय म्हटलं असतं ते मला ऐकायचं नव्हतं. खरं सांगायचं तर जावेचं नुसतं निमित्त. भीती माझ्याच पोटात होती. हात रिकामे केले आणि त्याच दिवशी ह्यांना काही झालं, तर ते मी केलं असंच मला वाटलं असतं.

मग मी शहाणपणा केला. बांगड्या मनगटावरून वर सारल्या आणि जुन्या लुगड्याच्या चिंधीनं हाताला घट्ट बांधल्या. ह्यांना दिसू नये म्हणून वर ह्यांचाच पूर्ण बाहीचा सदरा घातला. आठवडाभर काही झालं नाही. हात बसत चालला. ह्यांनी शिकवलेले आकार जमायला लागले: खाली मडकं, वर मणी, मग मान.

एका दुपारी सदऱ्याच्या बाहीचं बटण निघालं आणि चिंधीची गाठ सुटली. मला कळलंच नाही. चिंधीचं टोक लाकडाला लागलं, आणि हात माझा राहिलाच नाही. मी ओढत नव्हते, तेच मला ओढत होतं. ओरडायलाही आलं नाही. कानात फक्त काच फुटल्याचा आवाज. मग पट्टा किंचाळला, घसरला, आणि लाकूड थांबलं. माझं मनगट त्या लाकडाला चिकटलेलं होतं.

मालक बाजेवरून खाली पडले होते. उठता येत नव्हतं, तसेच डाव्या हातानं भुशातून सरपटत आले आणि काठीनं भिंतीवरचं बटण बंद केलं.

"बोटं हालव," म्हणाले.

हालवली. पाचही हालली.

"पट्टा मुद्दाम ढिला ठिवला व्हता. शिकणाऱ्याला ढिलाच ठिवायचा असतो. आवळलेला असता तर कोपरापातूर गेली असतीस." मग चिंधी बघितली, काच बघितली. बांगडी फुटली असं आम्ही कधी तोंडानं म्हणत नाही, वाढवली म्हणतो. त्या दिवशी मला तो शब्द सुचला नाही. मी नुसती त्यांच्या छातीकडं बघत होते, वरखाली होतेय का.

"काय बघून राहिलीस? हाय की मी."

जावेनं तासाभरात नव्या बांगड्या आणून स्वतः माझ्या हातात भरल्या. टोमणा मारला नाही, त्यानं मला जास्तच भीती वाटली. पाच दिवस मी शेडात बटणाला हात लावला नाही. मग लेकीचा फोन आला. डॉक्टरांनी प्रवास करू नको म्हटलेलं, बाळंतपण चाकूरलाच, आणि आता पंधरा दिवससुद्धा राहिले नव्हते. पाळण्याचं तिनं विचारलं नाही. ते तिनं विचारलं नाही हेच मला लागलं.

दुसऱ्या दिवशी मी साबण लावून बांगड्या एकेक करून काढल्या, एकही न फुटता. ह्यांच्या चांगल्या हातात दिल्या. "धरा ह्या. सोडू नका. आन् मशीन चालू हाय तवर बोलत राहा. मला वर बघता येत न्हाई."

"काय बोलू?"

"कायबी बोला. मला ऐकू आलं पायजे."

सागवानाचा तुकडा चढवला. ते बोलायला लागले. कुठल्या गावात कुणाचा पाळणा केला, कोणत्या घरात जुळी झाली, कुणी मोर कोरून मागितले. लकव्यानं जीभ जड झालेली, निम्मं कळत नव्हतं. मी कळायला ऐकतच नव्हते. मडकं झालं, मणी झाला. मान काढत होते आणि मागं आवाज थांबला.

मी बटण बंद केलं. लाकूड हळूहळू थांबेपर्यंत मान वळवली नाही. वळवायची हिंमत नव्हती.

हे झोपले होते. तोंड उघडं, बांगड्या मुठीत. मी जवळ जाऊन नाकापुढं हात धरला.

"अगं, दुपार हाय," डोळे न उघडता म्हणाले. "माणसानं झोपू न्हाई का?"

"खांब होईस्तवर न्हाई."

खांब झाला. त्यांनी आपल्या तुटक्या अंगठ्यानं वरून खाली चाचपला. मान जराशी जाड राहिली होती. मी म्हणाले, अजून थोडी काढते. ते म्हणाले, "राहू दे. ही बाजू लेकराच्या पायाकडं ठिवा म्हणावं."

पाळणा चाकूरला गेला. नात आता पाळण्यात मावत नाही. मी अजून लाटणी काढते, रव्या काढते. लोकांना वाटतं माझी भीती गेली. बांगड्या ह्यांच्या हातात देऊन मी बटण दाबते आणि ते तीच जुनी गावं परत सांगायला लागतात. कधी श्वास घ्यायला मधेच थांबतात. तेवढ्यात माझा हात बटणावर गेलेला असतो.