सिस्टर अँजेलांचा कान

दोन हजार बारा साल. मी एकसष्ट वर्षांचा. त्या साली मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला सुद्धा नाही, अन् ती गेली. आता तुम्हाला सांगतोय — का ते विचारू नका, माझं मलाच नीट ठाऊक नाही.

माझी शाळा दुसरीपर्यंत. पण पेटीवर माझ्यासारखा हात आमच्या भागात नव्हता, हे मी आजही म्हणेन. गावच्या भजनात पेटी माझी. बावड्यापासून पार बारामतीपर्यंत कुणाची पेटी बिघडली तर दुरुस्तीला मीच.

इंदापूरच्या अलीकडं, उसाच्या रानाला लागून, ख्रिस्ती सिस्टरांचं एक लहान घर होतं. बेनेडिक्टाईन म्हणतात त्यांना. तिथं सिस्टर अँजेला आसपासच्या पोरींना गाणं शिकवायच्या. मूळच्या केरळच्या, सत्तरीला आलेल्या, मराठी पुस्तकातलं. जन्मभर हेच काम केलेलं. मला त्या बाईंचं लई नवल वाटायचं. घंटा झाली की बोलता बोलता उठायच्या — अर्धं वाक्य माझ्या पुढ्यात टाकून. प्रार्थना गाऊन आल्या की उरलेलं अर्धं पुरं करायच्या. जसं काही मधे काही झालंच नाही.

अन् ते गाणं तरी कसलं? टाळ नाही, ठेका नाही, पेटी सुद्धा नाही. सगळ्याजणी एका श्वासात चढायच्या, एका श्वासात उतरायच्या. मी व्हरांड्यात पोरींच्या शिकवणीच्या पेटीचे स्क्रू पिळत ऐकायचो. ठेक्याबिगर ह्यांना थांबायचं कळतं कसं? एकदा विचारलंच. तर म्हणाल्या, "आमच्या पंथाच्या नियमांचं पुस्तक आहे, त्याचा पहिला शब्दच 'ऐक' असा आहे, आबा. आम्ही एकमेकींना ऐकतो." हे काय उत्तर झालं? घरी येईपर्यंत मी तेच चघळत होतो.

माझी नात शीतल त्यांच्याकडं शिकायची. एका एकादशीला देवळात मी अभंग लावला, अन् पोरगी सगळ्यांदेखत बोलली, "आबा, वरचा सा उतरतोय तुमचा. सिस्टर म्हणत्यात, आधी ऐकायचा, मग लावायचा."

मृदंगावरचा बापू म्हणाला, "घ्या. आता नातीच्या हाताखाली बसा, आबा. पाटी-पेन्सिल मी आणून देतो."

लोक हसले. मीही हसलो.

थोड्याच दिवसांत सिस्टरांची पेटी माझ्याकडं आली, भाता फाटला म्हणून. भाता नीट केला. अन् मग — आता सांगूनच टाकतो. पेटीत एकेका सुराची पितळी जीभ असते. ती बुडाशी घासली की सूर उतरतो. सिस्टर ज्या पट्टीत शिकवायच्या, तिच्यातला मध्यम मी घासला. एवढासा. आमच्या भजनात एकालाही कळला नसता इतका. राग होता का? होता. पण रागापेक्षा मला बघायचं होतं — ह्या बाईला खरंच एवढं ऐकू येतं का?

पेटी पोचवली. त्यांची रीत अशी की आधी तोंडानं सूर लावायचा, मग पेटीवर ताडून बघायचा. सा, रे, ग. मध्यमावर थांबल्या. पुन्हा दाबला.

"आबा, हा मला उतरलेला वाटतो."

कळलं होतं. मला स्वतःला जे कान लावून मुश्किलीनं कळत होतं, ते त्यांना एका दाबात. खरं सांगू? मला आनंद झाला. कोडं सुटल्यासारखा. अन् त्याच दमात हेवाही वाटला. तिथंच 'व्हय, राहिला चुकून' म्हटलं असतं तर काय बिघडत होतं?

मी सूर दाबला. डोळे मिटले. जाणत्यासारखी मान हलवली. "सूर जाग्यावर हाय, सिस्टर. तुमचा कान हललाय. वय झालं की व्हतं आसं."

त्यांनी वाद घातला नाही. मी असतो तर भांडलो असतो. त्यांनी भाता मिटला अन् म्हणाल्या, "बरं झालं, तुम्ही स्पष्ट सांगितलंत."

संध्याकाळी शीतल घरी आली ती दप्तर टाकून गप्प बसली. जेवताना बोलली, "सिस्टरनी शिकवणं बंद केलं. म्हणाल्या, चुकीचा सूर तुमच्या गळ्यात बसायला नको." मग म्हणाली, "तुमी शिकवता का, आबा?"

मी भाकरी मोडत राहिलो.

पुढं वर्षभरात त्यांना केरळला नेलं. तिथं भाजीचे वाफे बघतात, असं हितल्या सिस्टर सांगायच्या. गाणं पुन्हा शिकवलं नाही. आता त्या नाहीत.

एक सांगायचं राहिलं. त्यांनी शिकवणं बंद केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी हत्यारं घेऊन तिथं गेलो. भात्याचा जोड बघायचाय म्हटलं. पेटी उघडली, ती पितळी जीभ टोकाशी घासली अन् सूर वर आणला, होता तिथं. सिस्टर बाहेर पायरीवर मेथी निवडत होत्या.

"बघा वाजवून," मी म्हणालो.

त्या उठल्या नाहीत. "मी ऐकून काय उपयोग, आबा? तुम्हीच सांगा, बरोबर आहे का?"

"बरोबर हाय," मी म्हणालो. झाकण लावलं, कड्या घातल्या, अन् सायकलवर टांग टाकून सरळ बापूकडं गेलो, संध्याकाळच्या भजनाचं ठरवायला.