दादाजीच्या वाकळीवरचा कोसा

आमचा शेजारी सोमाजी कोसा, म्हणजे रानातलं रेशीम, पिकवायचा. रानातल्या ऐनाच्या झाडांवर अळ्या सोडायच्या आणि त्यांनी कोश बांधेपर्यंत पाखरं-मुंग्या हाकलत बसायचं, हा त्याचा धंदा. त्यासाठी जित्या कोशांचं बी तो दर साली भामरागडकडून आणी. मी म्हणायचो, माणूस सासरवाडीलाही एवढ्या हौसेनं जात नाही. पण बी मेलं की सालभराचा कोसा गेला, हे मलाही ठाऊक होतं.

एकोणीसशे पन्नास सालानंतरची गोष्ट. परतताना नाल्याला पूर आला, मोटर अडली आणि सोमाजी वाटेवरच्या धर्मशाळेत अडकला. जागा फुकटची. जमीन ओली, भिंतीत ढेकूण, आणि एकाच खोलीत अर्धा बाजार झोपलेला. कोणी खोकतंय, कोणाचं पोर सोमाजीच्या पोटावर पाय देऊन चाललंय. बी सोबत असलं की त्याच्या घरी रिवाजानं हळद, तेल, मासोळी बंद. इथं शेजारच्या चुलीवर सुकी मासोळी तळली जायची आणि हा मीठभात गिळत भिंतीकडे तोंड करून बसायचा.

कोशांच्या माळा त्यानं आढ्याला टांगल्या होत्या. खाली चूल पेटली की माळा उचलून दुसरीकडे न्यायचा. तिथंही कोणीतरी दगड मांडून जाळ करायचं. त्या उबेनं घात केला. गावी पोचल्यावर फुटायचे कोश तिथंच फुटले. दिवेलागणीला तळहाताएवढी पिवळी पाखरं बाहेर आली. बायांनी पदर सावरले, कोणी झाडू उचलला. सोमाजी हातापाया पडत सगळ्यांना आवरत राहिला. दुसऱ्या सांजेला उरल्यासुरल्या माद्यांनी अंडी घातली, तीही नेमकी दोरीवर वाळत टाकलेल्या वाकळीवर. वाकळ दादाजीची. हा म्हातारा गावोगाव बांगड्या विकायचा.

तो वाकळ झटकायला गेला. सोमाजीनं त्याचा हात धरला.

"भाऊ, झटकू नोको. माह्या सालभराचा कोसा आहे त्याच्यावर."

"अन् मी का पांघरू? तुहा कोसा?"

"माही घोंगडी घे. नवी आहे."

दादाजीनं घोंगडी उजेडात धरून पाहिली, वास घेतला, आणि वर छत्रीही मागून घेतली.

सोमाजी घरी आला तेव्हा डोळे लाल, अंगभर ढेकणांच्या गांधी. त्याच्या बायकोनं, शकुबाईनं, ती वाकळ उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. धुवून काढते म्हणाली, तर हा वाकळीला कवटाळून ओसरीतच बसला. मी विचारलं, सोमाजीभाऊ, दुसरी केली का? तो हसलाही नाही. तेव्हा मला थोडी भीती वाटली.

अंडी फुटायच्या बेताला आली तशी त्यानं वाकळीच्या चिंध्या केल्या आणि रानात जाऊन ऐनाच्या फांद्यांना बांधल्या. शकुबाईनं माझ्याजवळ भाकर दिली. पोचलो तर हा बुंध्याला टेकून बसलेला, हातात गुलेल, झोपेनं मान लटलट करतेय.

"पाह्य तिकडं," तो म्हणाला.

चिंधीवरून काळ्या डोक्याच्या बारीक अळ्या पानाकडे सरकत होत्या. थोड्याच होत्या, पण होत्या.

मी म्हटलं, घटकाभर लवंडा, मी बसतो. त्यानं गुलेल माझ्या हातात दिली आणि कोणतं पाखरू हाकलायचं ते सांगायच्या आतच आडवा झाला. भाकर तशीच राहिली. मग मी सरसकट सगळीच पाखरं हाकलत बसलो.