पाणपोईचा फ्रीज

"साहेब, पैले मशीनची मोटर काढा. बिल थेच खाऊन राह्यली," मी बॅग खाली ठेवायच्या आत दादाराव बोलले.

अकोल्यातलं त्यांचं घर. मशीन म्हणजे सून वर्षाची शिलाई मशीन. ती घरी ब्लाउज शिवते. बिल फुगलं तशी दादारावांनी मोटर विकायला काढली. मोटर गेली की पाय मारा, आणि वर्षाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. म्हणजे शिवणकाम बंद. मी घरांचं वीज-ऑडिट करतो. मला बोलावलं होतं ते नुसतं मान डोलवायला. असली गिऱ्हाइकं मला पाठ आहेत.

मी प्लग-मॉनिटर काढले. सॉकेट आणि प्लग यांच्या मध्ये बसवायचा छोटा मीटर. त्या वस्तूनं किती युनिट खाल्ले तेवढं दाखवतो. पोराटोरांना कळतं. दादाराव म्हणाले, "हे डबडं बी करंट खाते ना?"

मशीन, कूलर, टीव्ही, घरातला फ्रीज, सगळ्यांना एकेक लावला. दुसऱ्या दिवशी बेरीज करून महिन्याचा हिशेब मांडला तर तो बिलाच्या आसपासही जाईना. मशीनचा आकडा सगळ्यांत लहान.

"मंग डबडंच खराब हाय," दादाराव.

तेवढ्यात बाजूच्या फाटकाकडून घरघर ऐकू आली. जाऊन पाहतो तर उन्हानं तापलेल्या टिनाखाली एक जुना फ्रीज. वर 'पाणपोई' अशी पाटी, आणि त्याहून मोठ्या अक्षरांत दादारावांचं नाव. दाराचं रबर फाटलेलं. येणारा-जाणारा दार उघडतो, बाटली भरतो, दार तसंच टाकून निघतो.

"हा काहून नाही सांगितला?"

"थे धरमाचं काम हाय साहेब! त्याले काय मोजता?"

कमाल आहे! मोजलं. अख्ख्या घरानं खाल्लं त्याहून जास्त एकट्या धर्मानं खाल्लं होतं. आकडा मी दादारावांनाच मोठ्यानं वाचायला लावला. मला त्यात मजा आली, खोटं कशाला बोलू.

वर्षा दारातून म्हणाली, "मामाजी, पुण्य तुमच्या नावावर अन् बिल माह्या?"

दादाराव चष्मा पुसत बसले.

मोटर राहिली. फ्रीज भंगारात गेला, त्याच्या जागी रांजण आले. रांजणांभोवती ओल्या गोणपाटाचं कव्हर आहे, पाणी मस्त गार राहतं. कव्हर वर्षानं त्याच मोटरवर शिवलं. पाटीवर नाव अर्थातच दादारावांचं.

हल्ली मी कुठल्याही घरी गेलो की आधी विचारतो, "तुमच्या घरात न मोजायची वस्तू कोणती?" पहिला मॉनिटर तिलाच लावतो.