कमरेवरची फुली

गुरुवारी दुपारी आम्ही पाच बायका स्वेटर विणायला जायचो. घरी तसंच सांगितलं होतं. भिलाईत सेक्टर दोनमध्ये एका रिटायर झालेल्या सिस्टरबाईंचं क्वार्टर आहे, त्याच्या मागच्या व्हरांड्यात आम्ही जमायचो. प्रत्येकीच्या पिशवीत लोकर आणि सुया असायच्या. दोन हिवाळे गेले तरी माझा स्वेटर वीतभरच झाला होता. मरोद्याहून येणारी एक जण सांगायची की तिचा नवरा विचारतो, "हत्तीसाठी विनून राहिली का वं? सरतच नाई तं." आम्ही हसायचो. हसताना दुखायचं, तरी हसायचो.

जिथे दुखतं त्या जागेचं नाव मला अजूनही लिहिता येत नाही. बाईची जागा, एवढंच लिहिते. जखम नाही, सूज नाही, पाहिलं तर काही दिसत नाही. मिरची कुटलेला हात लागावा तशी आग होते. कधी सुया टोचतात. धाकटा तीन वर्षांचा होता तेव्हा सुरू झालं, आता तो आठवीत आहे. खाली बसून पोळ्या लाटणं सुटलं. नवऱ्याच्या सायकलवर मागे बसणं सुटलं, मग त्याच्याजवळ जाणंही सुटलं. तो पोलादाच्या प्लांटमध्ये ठेकेदाराकडे आहे. मारत नाही, रागावत नाही. पुढच्या खोलीत झोपतो आणि जेवायला वाढलं की ताटाकडे पाहून जेवतो.

डॉक्टर तीन झाले. शेवटच्या बाई म्हणाल्या, "सब नॉर्मल है. मन में वहम मत पालो." मी बरं म्हणून उठले. मला कोणापुढे बोलता येत नाही. लहानपणापासूनच तसं आहे. गोंदियाकडच्या गावात चौथीपर्यंत शाळेत गेले, तिथेही उत्तर येत असून मी हात वर करायची नाही.

सिस्टरबाईंकडे मी स्वयंपाकाला जाते. मी चहासुद्धा उभ्याने पिते हे त्यांनी पाहिलं. एक दिवस त्यांनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि सरळ विचारलं, "खाली दुखतं का तुला?" मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "हा आजार आहे. याला नाव आहे. तुझ्यासारख्या पुष्कळ आहेत, पण तोंड कोणीच उघडत नाही." तेव्हा मी ओट्याला धरून रडले. नाव त्यांनी इंग्रजीत सांगितलं होतं. ते माझ्या लक्षात राहिलं नाही, पण नाव आहे हे राहिलं.

मग त्यांनी एकेक करून बाकीच्या शोधल्या. आमच्यासाठी फोमच्या उशा मधून कापून आणल्या, म्हणजे बसलं तर दुखत्या जागेवर भार येत नाही. त्या उशीवर पहिल्यांदा बसल्यावर मरोद्याची म्हणाली, "माय वं, सासरच्यायनं इतकी बरी जागा कधी देली नाई."

सगळ्यात लहान होती ती आमच्या खुर्सीपारमधल्या माझ्याच गल्लीतली एक सून. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिला पहिल्या दिवसापासून दुखत होतं. तिची सासू नळावर सगळ्यांपुढे बोलायची, "सून आनली का देव्हाऱ्यातली मूर्ती? हात लावला का रडते." आणि घरात तिला सांगायची, "बिमारी हाय तं डॉक्टरचा कागद आन. नाई तं मायच्या घरी जाय." तो कागद तिला कुठेच मिळत नव्हता. सगळीकडे नॉर्मलच लिहून यायचं.

त्याच दिवसांत सिस्टरबाईंनी एक बातमी आणली. रायपूरच्या एका डॉक्टरीणबाई असं दुखणाऱ्या बायकांची माहिती जमवत होत्या. पुरेशा बायका दिसल्या तर वर सांगून दवाखान्यात आठवड्याचा एक दिवस याच दुखण्यासाठी ठेवायचा आणि यावर नीट अभ्यास करायचा, असं त्यांच्या मनात होतं. ज्यांचे माहितीचे कागद भरून जातील त्यांना त्या बोलावून स्वतः तपासणार होत्या, आजार लिहूनही देणार होत्या. हे ऐकून गल्लीतल्या सुनेने लोकर खाली ठेवली आणि दोनदा विचारलं, "लिहून देतीन ना पन?"

सिस्टरबाईंना मुलीच्या बाळंतपणाला जायचं होतं. त्यांनी रायपूरहून आलेले सहा छापील कागद आणि पाकीट माझ्या हातात दिलं, म्हणाल्या, "एक जास्तीचा आहे. प्रत्येकीला एकटीत गाठ आणि भरून घे. तू कुठे बोलत नाहीस, म्हणून तुझ्याकडे देते."

कागदावर नाव लिहायचं नव्हतं. वय, किती वर्षं दुखतं, आणि खाली चित्र. बाईचं चित्र, पुढून आणि मागून, अंगावर काही नाही. त्याच्या खाली चौकोनात फक्त तेवढीच जागा मोठी करून काढलेली. जिथे दुखतं तिथे फुली मारायची होती. घरात कोणी नव्हतं, तरी मी तो कागद पदराखाली धरला. मग चौकोन मागे जाईल अशी घडी घातली आणि वरच्या चित्रात कमरेवर फुली मारली. आम्ही बायका असंच सांगतो. महिन्याचं असो, अंगावरून जाणं असो, घरात कंबरच दुखते. वाटलं, डॉक्टरीणबाई बाईच आहेत, समजून घेतील.

बाकीच्यांना मी माझाच कागद दाखवला, घडी घातलेला. असं करायचं, म्हटलं. तिघींनी पाहून तसंच केलं.

सुनेने मात्र घडी उलगडली. चौकोनावर बोट ठेवून म्हणाली, "मावशी, इथं तं बरोबर जागा काढली हाय." तिला बरं वाटलेलं दिसत होतं. तिने पेन तिथे टेकवला आणि मी तिचं मनगट धरलं.

"तिथं नको वं. रायपूरले मानसंही पाहतीन. तुह्या घरी कोनाच्या हाती लागला तं?"

"पन दुखते तं इथंच."

"सिस्टरबाई तोंडी सांगतीन."

ती थांबली. मग कमरेवर फुली मारली. मोठ्यांचं ऐकणारी पोरगी होती. पाकीट मी भाताने चिकटवलं. सिस्टरबाई परत आल्यावर त्यांनी ते न उघडता पाठवलं.

दोन महिन्यांनी सासऱ्याने सुनेला बालोदला माहेरी नेऊन सोडलं. जाताना ती लोकरीची पिशवी माझ्याकडे देऊन गेली, म्हणाली, "रायपूरहून निरोप आला का लगेच फोन करजो, मावशी. कागद देला तं नेतो म्हनते ते."

निरोप त्यानंतर आला, सिस्टरबाईंच्या फोनवर. भिलाईचे पाचही कागद कंबरदुखीचे निघाले म्हणून बाजूला ठेवले होते. बाकीचे मिळून फारच थोडे भरले. वर सांगितलं गेलं, तिकडून उत्तर आलं की असे पेशंट नाहीतच, वेगळा दिवस कशाला. डॉक्टरीणबाईंची बदली झाली होती आणि माहिती जमवणं थांबलं होतं.

सिस्टरबाईंनी आम्हाला व्हरांड्यात हे सांगितलं. मग विचारलं, "पण सगळ्यांनी कंबर कशी लिहिली?" तिघी आपल्या विणकामाकडे पाहू लागल्या. मी लोकर गुंडाळत राहिले. मग त्याच म्हणाल्या, "माझंच चुकलं. पाकीट उघडून पाहायला हवं होतं." मी सुया पिशवीत ठेवल्या आणि चहा टाकायला उठले.

त्यानंतर एकीने येणं सोडलं, आता आम्ही तिघीच जातो. सिस्टरबाई नव्या डॉक्टरांना फोन लावतात, कोणी उचलत नाही. जास्तीचा कागद माझ्या पेटीत आहे. एकदा काढून चौकोनात बरोबर जागी फुली मारली. तो पाठवायला पत्ता नाही.

सून दर रविवारी फोन करते. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. तिची आई आता तिला काही विचारत नाही म्हणाली, फक्त लवकर उठवते आणि कामाला लावते. दुखणं तसंच आहे. परवा तिने विचारलं, "मावशी, त्यायले जागा समजली असन ना? फुली कमरेवर मारली तरी?"

मी म्हटलं, "समजली असन."

"मंग येईन निरोप," ती म्हणाली आणि माझ्या मुलांची चौकशी करू लागली.