दोन आवाज आणि वडिलांची पेटी

माझ्या वडिलांनी माझी नोकरी घालवली. हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय, आणि इथंही सांगते.

राजारामपुरीतल्या एका संगीत महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर युरोपीय संगीताचा इतिहास शिकवायचे. विषय ऐच्छिक, वर्गात जेमतेम दहा-अकरा मुली. विभागप्रमुख बाईंच्या डोळ्यांत तो पहिल्यापासून खुपायचा. "आपल्याकडं काय कमी आहे म्हणून ते चर्चचं गाणं?" असं त्या स्टाफरूममध्ये मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या. मग एक दिवस त्यांनी बोलावून सांगितलं, "मार्चमध्ये सप्रयोग व्याख्यान ठेव. सभागृहाला पटलं तर विषय राहील, नाही तर जूनपासून बंद." विषय बंद म्हणजे मीही बंद. दुसरं काही शिकवायला मला तिथं कुणी ठेवलंच नव्हतं.

मी ठरवलं, बडबड कमी करायची आणि ऐकवायचं जास्त. आधी मध्ययुगातल्या मठांमधलं गाणं, सगळ्यांची मिळून एकच चाल, ना ताल ना वाद्य. मग त्याच चालीखाली कुणीतरी एक सूर लांब धरून ठेवला, तो टप्पा. तिसरा टप्पा माझ्या जिव्हाळ्याचा. दोन आवाज, दोघांच्या चाली वेगळ्या, कुणी कुणाच्या मागं नाही. मध्येच ते एकमेकांना घासतात, कानाला टोचतात, आणि पुढं जाऊन शांत होतात. त्या टोचण्यातच सगळी गंमत आहे हो! ते कळायला युरोपला शेकडो वर्षं लागली. चौथा टप्पा बरोक काळाचा, म्हणजे सोळाशेनंतरचा. वर एक आवाज मोकळा गातोय आणि खाली खर्जातली ओळ त्याला चालवत नेतेय.

तिसऱ्या टप्प्यासाठी दोन मुली घेतल्या. त्यातली वारणानगरहून येणारी खालचा आवाज गाणार होती. पोरगी गुणी, पण लहानपणापासून कान एकाच चालीवर पोसलेला. ती दर वेळी घसरत वरच्या आवाजाला जाऊन मिळायची. "मॅडम, बेसूर वाटतंय की हो," म्हणून रडकुंडीला यायची. मी सांगायचे, बेसूर नाही, तो दुसरा सूर आहे, तो तुझा आहे, सोडू नकोस. कानात बोटं घालून गायला लावलं तिला. दोन महिन्यांनी एका सकाळी ती शेवटपर्यंत टिकली, आणि माझ्या अंगावर काटा आला.

आता पेटी. दुसऱ्या टप्प्यातला लांब सूर आणि चौथ्यातला खर्ज तिच्यावरच धरायचा होता. कॉलेजच्या पेटीवाल्यानं बाईंचा रोख बघितला आणि ऐन वेळी अंग काढून घेतलं. मग राहिले अण्णा, माझे वडील. पेठ वडगावपासून पार सीमाभागापर्यंत चाळीस वर्षं गवयांना साथ केलेला माणूस. पेटीच्या साथीची एक रीत असते. गवयाच्या पाठोपाठ सावकाश जायचं, तो अडखळला की त्याचा सूर आपण भरायचा, आणि लोकांना पत्ता लागू द्यायचा नाही. ही रीत अण्णांच्या बोटांत मुरलेली. म्हणून मी त्यांना चार वेळा बजावलं होतं.

"दुसऱ्या टप्प्याला नुसता सा धरायचा. तिसऱ्याला हात मांडीवर."

"मग मी तितं बसू कशाला? शोभेला?"

"व्हय, शोभेला."

त्या दिवशी सभागृह भरलं होतं. पहिले दोन टप्पे छान झाले. तिसरा सुरू झाला. सातव्या-आठव्या ओळीला दोन आवाज घासले, जसे घासायला हवे होते तसेच. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. खालचा आवाज गाणारी पोरगी बावरली आणि तिनं माझ्याकडं न बघता पेटीकडं बघितलं. आणि अण्णांचे हात मांडीवरून उठले! वरच्या आवाजाची चाल त्यांनी भरघोस वाजवली, पोरीला अल्लद उचललं आणि जोडीदारणीच्या सुरात नेऊन सोडलं. दोघी एकच चाल गायला लागल्या. जे घडायला शेकडो वर्षं लागली, ते माझ्या बापानं अर्ध्या मिनिटात पुसून टाकलं. सभागृहानं कडाडून टाळ्या वाजवल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौथा टप्पा मी कसा उरकला, आठवत नाही. शेवटी बाई माइकवर आल्या आणि म्हणाल्या, "बघा, शेवटी गोड लागला तो एकच सूर. मग हा सगळा खटाटोप कशासाठी?" लोक हसले. मग त्या हसत हसत व्यासपीठाच्या कडेला आल्या. मला वाटलं, निदान माझ्याशी दोन शब्द बोलतील. त्या मला ओलांडून अण्णांपाशी गेल्या.

"काय सांभाळून घेतलंत हो पोरीला! जूनपासून आमच्या गायनाच्या वर्गाला साथीला याल का?"

"येतो की," अण्णा म्हणाले. माझ्यासमोर.

रिक्षात मी फाडफाड बोलले. मुद्दाम केलंत म्हणाले. माती केलीत माझी म्हणाले. रिक्षावाला आरशातून बघत होता, बघू दे म्हटलं.

"पोरगी घाबरली हुती," अण्णा म्हणाले. "मला बघवंना."

"ती घाबरली तरी टिकली असती! दोन महिने खपलेय मी तिच्यावर. आणि वर 'येतो की' म्हणालात. माझी भाकरी गेली हे कळत नव्हतं तुम्हाला?"

 अण्णा बाहेर बघत म्हणाले, "चाळीस वर्सं वाजवलं. हार गवयाला, टाळ्या तबल्याला. पेटी बरी वाजवली म्हणून आजवर कुणी न्हाय म्हटलं."

"आणि ते ऐकायला माझं गाणं मोडावं लागलं."

"व्हय," ते म्हणाले.

त्यानंतर आम्ही एका घरात राहून कामापुरतं बोलत होतो. विषय बंद झाल्याचं पत्र मे महिन्यात आलं. जूनच्या पहिल्या सोमवारी अण्णा इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे राहिले. चपला पायात सरकवताना त्यांनी विचारलं, "तुमच्यात गायनाचा वर्ग कुठल्या मजल्यावर असतो गं?"

मी सांगितलं नाही.