फक्कीची खोली

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. आमच्या भोसरीच्या कंपनीत चहाच्या सुट्टीत कुणी असलं काही सुरू केलं, की "साक्षीदार कोण?" हा माझा ठरलेला प्रश्न. त्यामुळे हे लिहिताना भीती नाही, लाज वाटते आहे...

सत्तरचं दशक संपत आलं होतं. चाकणच्या पुढे, झाडीने भरलेल्या टेकडीच्या उतारावर मी प्लॉट घेतला. डिझाइन मेहुण्याचं. अरविंद, ताजा आर्किटेक्ट. तो 'घर' म्हणत नसे, 'स्पेस' म्हणे. उताराला धरून तीन पातळ्या, दरीकडे काचेची भिंत. दापोडीच्या चाळीतली माझी आई इथे राहायला येणार का, एवढाच प्रश्न उरला होता. तिची खोली सगळ्यात खाली, गॅरेजमागे. नकाशात लिहिलं होतं – 'स्टोअर / आई'. मी ते वाचून खाली सही केली होती.

रविवारी जमिनीवर चुन्याची फक्की टाकून आखणी झाली. घरच्यांना कळावं म्हणून अरविंदने दारांच्या जागी रेघ तोडली होती. आई आधीच आपल्या खोलीच्या जागेत पोतं अंथरून बसली होती. रेघ तिच्याभोवती फिरली.

दुपारी माझी बायको लता हिने वरून, 'डायनिंग'मधून, जेवायला हाक मारली. आई उठली आणि रेघेपाशी थांबली.

"अरे, ह्याला दार न्हाई."

खरंच, तिथे रेघ तोडायची राहिली होती.

"चुना आहे तो. ये ओलांडून."

"न्हाई येता येत, बाबा."

"मावशी, भिंत अजून बांधायचीय!" वरून अरविंद हसला.

तिने हात पुढे केला. तो रेघेवर, हवेत, सपाट थांबला. मी चिडून तिचं मनगट धरायला गेलो – आणि माझी बोटं कशावर तरी आदळली. गार, खरखरीत. दोन पेरं सोलून निघाली. समोर काहीच नव्हतं, आईचा चेहरा स्वच्छ दिसत होता. पण "लागलं का रे?" हा तिचा आवाज मात्र भिंतीपलीकडून यावा तसा दबका आला.

मी गुडघ्यांवर बसलो आणि हातभर रेघ पुसली. आई तेवढ्याच जागेतून, अंग चोरून, बाहेर आली.

"काय झालं हो?" लता धावत आली. रक्त बघून अरविंदही उतरला.

"घसरला," आई म्हणाली. "उताराची सवय न्हाई त्याला."

घर झालं. त्या खोलीला मी चांगलं रुंद दार बसवलं. आई शेवटपर्यंत दापोडीतच राहिली.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. साक्षीदार एकच होता, आणि त्याने माझी अब्रू राखायला खोटी साक्ष दिली.